तराजू आधी परत द्या

जहाजाच्या पोटात उतरलो की पहिली दहा मिनिटं खोकण्यात जातात. फॉस्फेटचा खडक. क्रेनचा पंजा वरचा माल उचलून नेतो, पण कोपऱ्याकापऱ्यांत जे चिकटून राहतं ते आमच्या फावड्याशिवाय निघत नाही. भुकटी केसांत, कानांत, डब्यातल्या भाकरीवर. हा खडक येतो जॉर्डनहून, इजिप्तहून, मोरोक्कोहून. इथं त्याचं खत होतं. खत शेतात जातं आणि भुकटी आमच्या छातीत राहते. तेव्हा 'तुला रे अरबांच्या लोकशाहीशी काय करायचंय' असं मला कुणी विचारू नये. अरबांची माती मी गिळतो. तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

भांडण कशावरून निघालं ते सांगतो.

आमच्या टोळीत एक भाऊ आहेत. नऊ वर्षं आखातात काढून परत आलेले. चहाच्या टपरीवर त्यांची टेप रोज चालू. "अरे, तिकडं इलेक्शन नाही, मोर्चा नाही, संप नाही. रस्ते बघशील तर आरसा. आपल्याकडं पण असाच एक दांडकं घेतलेला माणूस पाहिजे." चार पोरं माना डोलावतात. एक दिवस मी विचारलं, "भाऊ, तिकडं तुमचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात असायचा?"

भाऊ ग्लासात बघत राहिले. "शेटच्या."

"आणि शेवटच्या पाच महिन्यांचा पगार?"

"बुडाला."

"मग बोंब का नाही मारलीत?"

"बोंब मारली असती तर दुसऱ्या दिवशी विमानात घातला असता मला. गावचं कर्ज कोण फेडणार होतं, तुझा बाप?"

बस्स. दोस्तांनो, अरब देशांतल्या लोकशाहीवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे सांगता येत नाही ते भाऊंनी एका ओळीत सांगितलं. सौदीत आणि अमिरातीत कामगाराला युनियन करायला बंदी. संप करायला बंदी. जिथं राजाविरुद्ध बोलता येत नाही तिथं शेटविरुद्धही बोलता येत नाही. त्या आरशासारख्या रस्त्याच्या डांबरात भाऊंचे पाच महिने कालवलेत.

आता दुसरी जात. हे टपरीवर नसतात, हे सभागृहात असतात. पंख्याखाली बसून सांगतात, 'अरबांच्या रक्तातच लोकशाही नाही, त्यांच्या धर्मात ती बसत नाही.' कुणाच्या रक्तात काय आहे आणि काय नाही हे सांगणारे लोक आपल्याला चांगलेच ओळखीचे आहेत. त्यांची पोथी फक्त बदलली. या विद्वानांना एवढंच सांगतो: ट्युनिशियानं गुलामगिरी १८४६ साली बंद केली. अमेरिकेला त्यासाठी १८६५ पर्यंत रक्त सांडावं लागलं. अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना त्याच ट्युनिशियात १८६१ साली झाली. तीन वर्षांत ती गुंडाळली गेली, ती काय रक्ताच्या दोषामुळं नव्हे. कर दुप्पट केला म्हणून लोक उठले, आणि राज्यकर्त्यानं लोकांच्या रागाची शिक्षा घटनेला दिली. तेव्हापासून आजपर्यंत खेळ तोच आहे.

तर मूळ प्रश्न: अरब देशांत लोकशाहीची सुधारणा पुढं चाललीय की अडलीय?

'अडलीय' हा सभ्य माणसांचा शब्द आहे. गाडी चिखलात अडते. ही गाडी अडली नाही, हिची चाकं काढून नेली. कोणी, कधी, ते मोजून सांगतो.

कुवेत. आखातात त्यातल्या त्यात बोलकी संसद इथं होती, १९६३ पासून. १० मे २०२४ ला अमीरानं ती बरखास्त केली आणि घटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत टांगून ठेवली. कतार. २०२१ साली पहिल्यांदा शूरा सभेच्या ४५ पैकी ३० जागांसाठी निवडणूक झाली. जगभर टाळ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जनमत घेऊन ती निवडणूकच रद्द. म्हणजे लोकांकडून मत घेतलं ते मत काढून घेण्यासाठी. इजिप्त. २०११ साली १८ दिवसांत मुबारकची ३० वर्षांची राजवट पाडली. २०१२ साली निवडून आलेल्या मोर्सीला ३ जुलै २०१३ ला लष्करानं उचललं. १४ ऑगस्टला राबा चौकात एका दिवसात निदान ८१७ माणसं मारली, हा ह्यूमन राइट्स वॉचचा आकडा. २०१९ साली घटना बदलून सीसीनं स्वतःची २०३० पर्यंतची सोय केली. आणि लोकशाहीची जगभर शिकवणी घेणारी अमेरिका? ती इजिप्तच्या लष्कराला वर्षाला १३० कोटी डॉलर देण्याची रीत पाळत आली. मोर्सीचं राजकारण मला पटत नाही. पण न पटणाऱ्या माणसाला मतपेटीनं पाडायचं असतं, रणगाड्यानं नव्हे.

सीरिया. असद बापलेकांची ५४ वर्षांची राजवट ८ डिसेंबर २०२४ ला कोसळली. तुरुंग उघडले, लोक नातेवाइकांना शोधत धावले. मला पण त्या रात्री झोप आली नाही. पण ऑक्टोबर २०२५ ची सभा लोकांनी थेट मतानं निवडलीच नाही. मंडळांनी निवडली, आणि एक तृतीयांश जागा नव्या राष्ट्राध्यक्षानं स्वतः भरायच्या. त्याच वर्षी मार्चमध्ये किनाऱ्यावर अलवी आणि जुलैमध्ये स्वैदात द्रूज कापले गेले. दार उघडलंय हे खरं. पण किल्ली अजून एकाच खिशात आहे.

आता ट्युनिशिया. इथं थांबून बोलायला पाहिजे, कारण इथं खरोखरच काहीतरी झालं होतं.

१७ डिसेंबर २०१०. सिदी बुझिद नावाचं आतल्या भागातलं गाव. मोहम्मद बुअझिझी, वय २६, हातगाडीवर भाजी-फळं विकणारा. पालिकेच्या लोकांनी त्याचा तराजू जप्त केला. तो गव्हर्नरच्या कचेरीत गेला. कुणी ऐकून घेतलं नाही. कचेरीसमोर त्यानं अंगावर ओतून काडी लावली. ४ जानेवारी २०११ ला तो मेला आणि १४ जानेवारीला २३ वर्षं मानेवर बसलेला बेन अली विमानात बसून सौदीला पळाला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. सुरुवातीला जगभरच्या पेपरांनी छापलं की हा बेकार पदवीधर होता. साफ खोटं. त्याची शाळासुद्धा पुरी झाली नव्हती. मग पदवी का चिकटवली? कारण पदवीधर जळला तर बातमी होते, भाजीवाला जळला तर काय होतं? मी स्वतः मॅट्रिक. मी ते वाचून हसलो नाही, मला घाम फुटला. मेल्यावरसुद्धा आपल्याला डिग्री दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

आणि दुसरं खोटं: 'मोबाइलनं क्रांती केली.' अरे, मोबाइल काय लाठी खातो? त्याआधी २००८ साली गफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात, रदेयेफ गावात, नोकरभरतीतल्या वशिलेबाजीवर सहा महिने आंदोलन पेटलं होतं. गोळीबार झाला, पुढाऱ्यांना तुरुंग झाला. खाणीतली पोरं, बेकारांच्या बायका, शिक्षक. यूजीटीटी ही तिथली मोठी कामगार संघटना, १९४६ साली फरहात हशादनं उभी केलेली. वरचे पुढारी बेन अलीशी जुळवून घेणारे, पण खालच्या शाखा लढल्या. सिदी बुझिदच्या आगीला वारा घातला तो याच शाखांनी.

पुढं २०१३ मध्ये शुक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राहमी या डाव्या नेत्यांचे खून पडले. देश फुटायच्या बेताला आला. तेव्हा इजिप्तसारखं लष्कर मधे पडलं नाही. यूजीटीटी मधे पडली. सार्वत्रिक संप केला, मालकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाले यांना बरोबर घेऊन भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. त्यातून घटना मंजूर झाली. तारीख २६ जानेवारी २०१४. होय, आपलीच तारीख. २०१५ चं शांततेचं नोबेल या चौघांना मिळालं. इजिप्तमध्ये का बुडालं आणि ट्युनिशियात का तरलं याचं उत्तर धर्मात शोधू नका, रक्तात शोधू नका. एका जागी कामगारांची स्वतःची ताकद उभी होती, दुसऱ्या जागी ती सरकारी संघटनेच्या टाचेखाली होती.

मग तरीही का मोडलं?

कारण घटना आली, तराजू आला नाही. दहा वर्षांत दहाएक सरकारं बदलली. आतल्या भागातली बेकारी तशीच. भरती तशीच वशिल्याची. पोलीस तोच, त्याची जीप तीच. राजधानीत लोक कलमांवर वाद घालत होते आणि सिदी बुझिदची पोरं होडीत बसून इटलीकडं निघत होती, बुडत होती. मत मिळालं, पण मत भाकरीबरोबर खायला घालता येत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हाच धोका सांगितला होता. राजकारणात एक माणूस एक मत आणि जगण्यात विषमता, हा विरोध लवकर मिटवला नाही तर सोसणारी माणसंच ही इमारत उडवतील. आणि त्याच भाषणात राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडं नेते हेही सांगितलं होतं. ट्युनिशियात दोन्ही एकदम झालं.

भक्तीला देव लागतो. देव सापडला तो घटनेचा मास्तर! कैस सईद, कायद्याच्या वर्गात राज्यघटना शिकवणारा. साधा, भ्रष्ट नसलेला, शुद्ध अरबी बोलणारा. २०१९ साली प्रचंड मतांनी निवडून आला. २५ जुलै २०२१ ला त्यानं संसद गोठवली. आणि त्या रात्री लोक रस्त्यावर येऊन नाचले. हे लपवू नका. गरीब नाचले. यूजीटीटीनंसुद्धा जपून का होईना, पाठच थोपटली. मी तिथं असतो तर मी पण नाचलो असतो, कारण ज्या संसदेनं दहा वर्षांत मला काम दिलं नाही तिच्या दाराला कुलूप लागलं तर मला रडू कशाला येईल? दोस्तांनो, हुकूमशहा नेहमी भिंत फोडूनच येतो असं नाही. आपल्या रागाच्या खांद्यावर बसूनही येतो.

मग मास्तरांनी धडा शिकवायला घेतला. २०२२ मध्ये न्यायमंडळ बरखास्त, ५७ न्यायाधीश एका हुकमानं घरी. २०२२ च्या जुलैत स्वतः लिहिलेली नवी घटना. सप्टेंबरात ५४ क्रमांकाचा हुकूम: 'खोटी बातमी' पसरवली तर तुरुंग, आणि खोटं काय ते सरकार ठरवणार. डिसेंबर २०२२ ला संसदेची निवडणूक. मतदान किती? सुमारे ११ टक्के. जानेवारी २०२३ मध्ये महामार्गावरच्या टोल कामगारांनी संप केला, त्यांच्या पुढाऱ्याला अटक. ६ ऑक्टोबर २०२४ ला सईद ९० टक्क्यांवर मतं घेऊन पुन्हा निवडून आला. विरोधातला एक उमेदवार तुरुंगातून लढत होता, आणि मतदानाला आले २९ टक्क्यांहून कमी लोक. एप्रिल २०२५ मध्ये कटाच्या खटल्यात विरोधकांना शिक्षा ठोठावल्या, एकेकाला ६६ वर्षांपर्यंत. ज्यांनी नाचून टाळ्या वाजवल्या त्यांना काम मिळालं का? तराजू परत मिळाला का? नाही.

काम देता येत नाही तेव्हा राज्यकर्ता काय देतो? खाली बोट दाखवून एक शत्रू देतो. हे पान नीट वाचा.

ट्युनिशियात काळे लोक आहेत, तिथलेच, पिढ्यान्पिढ्यांचे. त्यातल्या काही घराण्यांच्या नावात 'अतीग' हा शब्द चिकटलेला असतो. अर्थ: अमक्यानं मुक्त केलेला. गुलामगिरी जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी दाखल्यावर मालक चिकटलेलाच. २०२० साली जेर्बा बेटावरच्या ८१ वर्षांच्या म्हाताऱ्यानं कोर्टातून तो शब्द नावातून काढून घेतला. नावातला डाग काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१८ साली तिथं वंशभेदाविरुद्ध कायदा झाला, अरब देशांतला असा पहिला. लोकशाहीनं दहा वर्षांत काय दिलं असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन.

आणि २१ फेब्रुवारी २०२३ ला त्याच देशाचा अध्यक्ष म्हणाला की आफ्रिकेतून येणारे काळे लोक हा देशाची लोकसंख्या बदलण्याचा कट आहे. दुसऱ्या दिवसापासून घरमालकांनी काळ्या भाडेकरूंचं सामान रस्त्यावर फेकलं, मालकांनी कामावरून काढलं, गल्लीत दगड पडले. जुलैत शेकडो माणसं लिबियाच्या हद्दीवरच्या वाळवंटात नेऊन सोडली, पाण्याविना काही मेली. आणि त्याच महिन्यात, १६ जुलैला, युरोपीय संघानं सईदशी करार केला. माणसं अडवायला १० कोटी ५० लाख युरो. मे २०२४ मध्ये २०१८ च्या कायद्यासाठी झगडलेल्या सादिया मोसबाहला अटक. हीच त्यांची लोकशाही, हेच त्यांचे मानवी हक्क! काळ्या माणसाच्या तहानेचा भाव युरोपनं लावला आणि घटनेच्या मास्तरानं तो घेतला.

मी गोदीतला माणूस. राजधान्या मला कळत नाहीत, धक्के कळतात. तेव्हा तीन धक्क्यांवरच्या गोष्टी सांगतो.

सुएझ. तहरीर चौकाचे फोटो सगळ्यांनी बघितले. पण ८ फेब्रुवारी २०११ पासून सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्यांचे हजारो कामगार संपावर बसले, देशभर कारखाने थांबू लागले, आणि ११ तारखेला मुबारक गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या अदबिया बंदरात अमेरिकेहून अश्रुधुराची नळकांडी आली. जकात खात्यातल्या एका बाईनं ती ताब्यात घेणाऱ्या कागदावर सही करायला नकार दिला. उद्या हा धूर माझ्याच पोरांच्या डोळ्यांत जाणार, मी का सही करू? बहिणीनं हात आखडता घेतला तर साम्राज्य तेवढ्यापुरतं धक्क्यावर उभं राहतं.

पोर्ट सुदान. २०१९ च्या सुरुवातीला बशीरच्या सरकारनं बंदराचा कंटेनर धक्का परदेशी कंपनीला २० वर्षांसाठी दिला. गोदी कामगारांनी संप केला. तिकडं आत्बरा या रेल्वे कामगारांच्या गावात डिसेंबर २०१८ मध्ये भाकरीच्या भावावरून वणवा लागला होताच. ११ एप्रिलला ३० वर्षांचा बशीर गेला आणि बंदराचा सौदाही थांबला. वस्तीवस्तीत प्रतिकार समित्या उभ्या राहिल्या. मग दोन सेनापती, बुऱ्हान आणि हेमेती, 'आम्ही लोकशाही आणून देतो' म्हणाले. २५ ऑक्टोबर २०२१ ला दोघांनी मिळून सत्ता गिळली आणि १५ एप्रिल २०२३ ला ती वाटून घेताना एकमेकांवर तोफा लावल्या. लाखो लोक घर सोडून निघाले, दारफूरमध्ये वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. बंदूकवाल्याला चाव्या ठेवायला देऊ नका, हा धडा सुदानच्या पोरांनी रक्तात शिकला.

तिसरी बहारीनची. १५ फेब्रुवारी २०११ पासून लोक मनामाच्या मोत्याच्या चौकात जमले. एक महिन्यानं सौदीचं सैन्य पुलावरून आत आलं. त्याच बेटावर अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ, तो ढिम्म. १८ मार्चला सरकारनं चौकातलं मोत्याचं स्मारकच पाडलं, आठवणसुद्धा नको म्हणून. पाडताना कमान कोसळली आणि क्रेन चालवणारा मेला. पोटासाठी परदेशातून आलेला मजूर. ना त्याचं त्या देशात मत, ना त्याचा तो चौक, ना त्याचा राजा. राजाचा राग निघाला आणि मरण आलं मजुराच्या वाट्याला. मी रोज क्रेनखाली उभा असतो. तो माणूस मला माझ्या टोळीतला वाटतो. पण हेही विचारतो: चौकातल्या आंदोलनानं त्या मजुराला कधी आपल्यात बोलावलं होतं का? आखातात कामाचा गाडा जे ओढतात, त्यांना 'लोक' या शब्दात जागाच नाही. ज्या लोकशाहीत हमाल मोजला जात नाही ती राजाला पाडू शकत नाही.

यातून मला जे कळलं ते असं.

एक. वरून दिलेली सुधारणा वरच्याच सहीनं परत जाते. अमीरानं दिलेली संसद अमीर नेतो.

दोन. मत आणि भाकरी यांची ताटातूट केली की भाकरीसाठी मत विकणारे आपणच असतो. सईदला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला जागा कोणी करून दिली ते बोला.

तीन. सुधारणा पुढं चाललीय की नाही हे राजधानीत मोजू नका. तळाला मोजा. काळा भाडेकरू घरात राहू शकतो का? पासपोर्ट मजुराच्या खिशात आहे का? हातगाडीवाला पोलिसाच्या डोळ्याला डोळा देतो का? एवढाच काटा खरा.

आणि त्या काट्यावर बघितलं तर खालची हालचाल थांबलेली नाही. सप्टेंबर २०२५ ला मोरोक्कोत विशी-बाविशीची पोरं रस्त्यावर आली: मैदानं बांधताय, दवाखाने कुठं आहेत? ऑक्टोबर २०२५ ला ट्युनिशियाच्या गाबेसमध्ये हजारोंनी लोक उतरले. गफ्साच्या फॉस्फेटवर चालणारा तिथला रसायन कारखाना शाळेतल्या पोरांचा श्वास कोंडत होता. २१ तारखेला यूजीटीटीच्या तिथल्या शाखेनं हाक दिली आणि अख्खं गाव बंद. सईदच्या राज्यात, ५४ च्या हुकमाखाली! ट्युनिशियाचं फॉस्फोरिक आम्ल घेणाऱ्यांत आपला देशही आहे. गाबेसच्या पोराच्या छातीत जे आहे तेच माझ्या छातीत आहे.

भाऊ अजूनही टपरीवर येतात. रस्त्यांची गोष्ट अजून सांगतात, पण आता मधेच थांबतात आणि पाच महिन्यांचा हिशेब काढतात. काढू द्या. तोच हिशेब मोठ्यानं करायला शिकलं पाहिजे, तिथंही आणि इथंही.

आणि दांडक्यावाल्यांना, मास्तरांना, अमीरांना, त्यांना पैसे पुरवणाऱ्या गोऱ्या सावकारांना आमचं एवढंच सांगणं आहे: सुधारणेची भाषणं नंतर करा. त्या पोराचा तराजू आधी परत द्या.